इंजिनीअरिंगच्या मुलांचे टीजी झालात? पहिल्या वर्षात काय काय करायचं

नव्या शिक्षकाच्या हातात टाइमटेबलसोबत वीस-बावीस नावांची एक यादी येते. "सर, ही तुमची बॅच," एवढंच एचओडी (विभागप्रमुख) सांगतात. कुठे या कामाला टीजी (टीचर गार्डियन) म्हणतात, कुठे मेंटॉर, कुठे पालक-शिक्षक. यादीचं पुढं काय करायचं, हे मात्र सहसा कुणी बसवून समजावत नाही. मी नांदेडला हे काम करतो. लातूर, परभणी, बीड, संभाजीनगरच्या सहकाऱ्यांशी बोलणं होतं तेव्हा अडचणी जवळपास त्याच निघतात. म्हणून नव्यानं रुजू झालेल्यांसाठी हे क्रमानं लिहून काढलं.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. ज्याला खरी गरज आहे, तो मुलगा तुमच्या केबिनचं दार स्वतःहून वाजवत नाही. वाजवतो तेव्हा परीक्षा फॉर्मची मुदत गेलेली असते, नाहीतर स्कॉलरशिपचं पोर्टल बंद झालेलं असतं. या कामात उत्तम सल्ल्यापेक्षा वेळेवर केलेली विचारपूस जास्त कामाला येते, आणि ती आपणच सुरू करायची असते.

## आधी हे जमवून ठेवा

- बॅचची रोल लिस्ट. प्रत्येक नावापुढे प्रवेशाचा प्रकार लिहा: कॅप राउंड (शासनाची केंद्रीय प्रवेश फेरी), संस्था स्तर, टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफीच्या जागा) की डिप्लोमावरून थेट दुसरं वर्ष.
- परीक्षेचे नियम, छापील. पास व्हायला किती लागतात, किती विषय राहिले तर ईयर डाऊन (पुढच्या वर्षात प्रवेश बंद), फोटोकॉपी आणि रिचेकिंगला किती दिवस. आपल्याकडची बरीच कॉलेजं लोणेरेच्या बाटूशी (डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ) संलग्न आहेत, तर नांदेडचं एसजीजीएस आणि संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी स्वायत्त. शेजारच्या कॉलेजातल्या मित्राला लागू असलेला नियम आपल्या मुलांना सांगून बसू नका.
- चारही वर्षांच्या अभ्यासक्रमाचा तक्ता, क्रेडिटसकट (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन).
- शैक्षणिक कॅलेंडर. त्यावर परीक्षा फॉर्म आणि महाडीबीटीच्या (सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल) तारखा लाल पेनानं.
- रेक्टर, स्कॉलरशिप टेबलचे क्लार्क, अँटी-रॅगिंग समिती, अंतर्गत तक्रार समिती यांचे नंबर. शिवाय मानसिक आरोग्याची सरकारी टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ आणि रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.
- एक जाड वही. एक्सेल शीट नंतर करा.

## १. पहिली भेट: नाव, गाव आणि घरचा खरा फोन नंबर

पहिल्या वर्षाला एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) सूचनेप्रमाणे तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम असतो. प्रत्यक्षात कॅपचे राउंड लांबतात आणि मुलं पावसाळाभर येतच राहतात. उशिरा आलेल्यांचं इंडक्शन हुकतं. त्यांची नावं वेगळी काढा आणि त्यांना आधी भेटा.

सगळ्यांना एकदम वर्गात उभं करून ओळख घेतली की ती ओळख होत नाही. एकेकाला दहा मिनिटं द्या. विचारायचं ते साधंच: गाव कोणतं, रोज जाऊन-येऊन की रूमवर, बारावी मराठी माध्यमातून की सेमी, घरी कोण कोण, ही ब्रँच स्वतः निवडली की मिळाली म्हणून घेतली. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जपून लिहून ठेवा. लातूरला दोन वर्षं नीटची तयारी करून नंबर न लागल्यानं इकडे आलेली मुलं असतात. त्यांचं मन पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत तिकडेच असतं, आणि त्यांच्या गैरहजेरीचं कारण आळस नसतं.

पालकांचा नंबर मुलांकडून घेतला की एकदा समोरच लावून बघा. पुष्कळदा तो रूममेटचा निघतो. घरी एकच मोबाईल असतो आणि तो मोठ्या भावाकडे असतो, असंही असतं. 'फोन कुणाकडं असतो आणि किती वाजता उचलतात' हे लिहून ठेवा. शेतकऱ्याच्या घरी दुपारी फोन लावून उपयोग नाही, रात्री आठनंतर लावा.

## २. पैशाचं आणि कागदांचं काम पहिल्याच महिन्यात

नवे टीजी इथं सगळ्यात कमी लक्ष देतात आणि मुलं इथंच सगळ्यात जास्त अडकतात. 'हे क्लार्कचं काम आहे' असं वाटतं. पण क्लार्ककडे अख्खं कॉलेज असतं, तुमच्याकडे वीस मुलं.

महाडीबीटीसाठी साधारण लागणारे कागद:

- आधार, आणि आधारला जोडलेलं बँक खातं
- तहसीलचा चालू उत्पन्नाचा दाखला
- जात प्रमाणपत्र, जात वैधता, आणि लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर
- अधिवास प्रमाणपत्र, रेशनकार्ड
- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि फी पावती
- पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी पालक अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजूर असल्याचा दाखला

योजना सगळ्या पाठ करायची गरज नाही, मोठ्या रेषा ठाऊक असाव्यात. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. अनुसूचित जातीच्या मुलांच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला अडीच लाख. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं कॅपमधून आलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'मुलींना सगळं फुकट' एवढंच ऐकून आलेल्या बापाला हे नीट फोड करून सांगा: मेस आणि रूमचं भाडं यात येत नाही, आणि माफी असली तरी अर्ज भरावाच लागतो.

नेहमी फसगत होते त्या जागा:

नेट कॅफेवाल्याचा नंबर. अर्ज भरताना कॅफेवाला स्वतःचा मोबाईल टाकतो. पुढच्या वर्षी रिन्यूअलला ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो दुकान बंद करून पुण्याला गेलेला असतो. मुलाला सांगा, नंबर स्वतःचा, आणि लॉगिन-पासवर्ड वहीत. तुमचा नंबर मात्र कुणाच्याही अर्जात देऊ नका.

परत आलेला अर्ज. कागद अस्पष्ट असला की अर्ज दुरुस्तीसाठी मुलाच्या लॉगिनला परत येतो. 'भरला ना' म्हणून मुलगा पुन्हा उघडून बघत नाही आणि मुदत निघून जाते. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाला स्टेटस उघडून दाखवायला सांगा. मंजुरीनंतर लॉगिनमध्ये हप्ता 'रिडीम' करायचा असतो, तेही पुष्कळांना माहीत नसतं.

आधार एका बँकेला, पासबुक दुसऱ्या बँकेचं. डीबीटीचे पैसे आधार जिथं जोडलंय तिथं जातात. दहावीत काढलेल्या, आता बंद पडलेल्या खात्यात ते अडकतात.

नावातला फरक. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं. आपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (मिळवलेले क्रेडिट जमा होतात ते) खातं काढताना हे अडतं. दुरुस्ती पहिल्या वर्षातच करून घ्या, शेवटच्या वर्षी ऐन प्लेसमेंटमध्ये नको.

प्रवेश एका कॅटेगरीतून आणि प्रमाणपत्र नंतर दुसरं हातात आलं, अशी मुलं मराठवाड्यात आता पुष्कळ भेटतात. त्यांना केबिनमध्ये बसून तोंडी 'चालेल, चालणार नाही' सांगू नका. विद्यार्थी विभागात सोबत घेऊन जा आणि लेखी उत्तर मागा.

## ३. हजेरी आणि पहिल्या चाचणीवरून ओळखायला शिका

पंचाहत्तर टक्क्यांची नोटीस लागते तेव्हा उशीर झालेला असतो. त्याआधी दिसणाऱ्या खुणा अशा: सोमवारची हजेरी जायला लागणे, वर्गात येऊन लॅबला दांडी, पहिल्या सीएला (अंतर्गत चाचणीला) गैरहजर, सबमिशनची फाईल दुसऱ्याच्या अक्षरात. बाटूच्या पद्धतीत थिअरीच्या विषयाला सीए २०, मिड-सेम २० आणि एंड-सेम ६०. शंभरातले चाळीस गुण शेवटच्या पेपरआधीच ठरतात, आणि हे पहिल्या वर्षाच्या मुलाला ठाऊक नसतं. फळ्यावर लिहून सांगा.

आपल्या भागाचं कॅलेंडरही डोक्यात ठेवा. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला येतं, मजूर मिळत नाहीत आणि मुलगा आठवडाभर गावाकडं जातो. बीड, धाराशिवकडच्या ऊसतोड कामगारांच्या घरी दसरा-दिवाळीनंतर आईबाप कारखान्यावर निघतात आणि घराची, धाकट्या भावंडांची जबाबदारी याच्यावर येते. हे कारण खरं असतं. पण म्हणून हजेरी लावून टाकायची, असं नाही. हजेरीला हात लावू नका. एकदा लावला की पुढची चार वर्षं तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. त्याऐवजी जायच्या आधी कळवायची सवय लावा, राहिलेली प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचसोबत बसवून द्या, विषय शिक्षकाला स्वतः भेटून सांगा.

## ४. बोलायचं कसं

"अभ्यास चालू आहे ना?" या प्रश्नाला "हो सर" याशिवाय दुसरं उत्तर नाही. कालच्या दिवसाबद्दल विचारा. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाशी झालेलं बोलणं इथं देतो.

"काल कॉलेज सुटल्यावर कुठं गेलास?"
"रूमवर, सर."
"जेवण?"
"मेस बंद केलीय सर. भात लावायलोय रूमवरच."
"कधीपासून?"
"दोन महिने झाले."
"आणि सकाळी?"
"सकाळी दुकानावर असतो सर, मेडिकलच्या. साडेअकरापर्यंत."

सकाळचे दोन तास का बुडत होते ते असं कळलं. अभ्यासावर व्याख्यान दिलं असतं तर तो मान हलवून निघून गेला असता. पुढं दुकानदाराशी बोलून वेळ संध्याकाळची करून घेता आली, निर्वाह भत्त्याचा राहिलेला अर्जही भरून घेतला.

वर्गात सर्वांदेखत विचारू नका, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. केबिनचं दार उघडं ठेवा. विद्यार्थिनीला काही खाजगी सांगायचं असेल आणि तुम्ही सर असाल, तर विभागातल्या मॅडमना सोबत बसवा, तिला चालत असेल तर. बोलणं चालू असताना फोन उलटा ठेवा. ही मुलं साहेबाला घाई आहे का ते आधी बघतात आणि मग बोलायचं की नाही ते ठरवतात.

पैसे उसने देऊ नका, मूळ कागदपत्रं स्वतःकडे ठेवू नका.

## ५. बॅक लागलेल्या मुलासोबत कागद घेऊन बसा

निकाल लागल्यावरचा आठवडा मोकळा ठेवा. 'मॅथ्स राहिलं' असं सांगणाऱ्या मुलाकडे पुढं काय याचा काहीच हिशेब नसतो, आणि तो हिशेब सोबत बसून मांडणं हेच तुमचं काम.

एका कागदावर तीन रकाने आखा: राहिलेले विषय, त्यांचे क्रेडिट, पुढची परीक्षा कधी. त्याखाली ईयर डाऊनचा नियम लिहा आणि तो सीमारेषेपासून किती लांब आहे ते त्यालाच मोजू द्या. मग क्रम लावा. पुढच्या विषयाचा पाया असलेला विषय आधी: इंजिनीअरिंग मेकॅनिक्स राहिलं तर सिव्हिल-मेकॅनिकलच्या मुलाला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स जड जाणार. अगदी दोन-चार गुणांनी राहिलाय तिथं फोटोकॉपी मागवून विषय शिक्षकाला दाखवा. तेही ठरलेल्या दिवसांतच होतं, म्हणून निकालाच्याच दिवशी सांगा.

क्रेडिटचं वजनही उदाहरणानं दाखवा. सेमिस्टरचे २० क्रेडिट धरा. ४ क्रेडिटच्या एम-थ्रीत (गणिताचा तिसरा पेपर) ग्रेड पॉइंट ५ ऐवजी ८ आले, तर ३ गुणिले ४ म्हणजे १२. भागिले २० केले की एसजीपीए (सेमिस्टरची सरासरी) ०.६ नं वाढतो. १ क्रेडिटच्या लॅबमध्ये ८ चे १० झाले तर वाढ फक्त ०.१. रात्र रात्र जागून फाईलच्या मार्जिनला रंगीत रेघा मारणाऱ्या मुलीला हे आकडे दाखवले की ती स्वतःच वेळ दुसरीकडे वळवते.

डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांकडे वेगळं बघावं लागतं. त्यांचे प्रवेश उशिरा संपतात. एम-वन, एम-टू न शिकताच ते एम-थ्रीच्या लाप्लास ट्रान्सफॉर्ममध्ये येऊन पडतात, तोवर वर्ग दोन युनिट पुढं गेलेला असतो. ड्रॉइंग, वर्कशॉप, मशीन यांत ती मुलं बाकीच्यांना भारी असतात. त्यांची जोडी बारावीवरून आलेल्या चांगल्या मुलांशी लावा: बारावीवाला इंटिग्रेशन शिकवेल, डिप्लोमावाला लेथ. गणिताचा ब्रिज क्लास विभागानं ठेवला नसेल तर एचओडींकडे मागा, आणि ऑगस्ट-सप्टेंबरातच मागा.

## ६. इलेक्टिव्ह, एनपीटीईएल, मायनर

इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक विषय निवडताना पोरं सीनियरचं ऐकतात: 'अमुक सरांचा विषय घे, पेपर सोपा असतो.' तुम्ही त्यांना अभ्यासक्रमाची दोन पानं वाचायला लावा, बास.

एनपीटीईएलचा (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) मोठा सापळा एकच. कोर्सला नाव नोंदवणं फुकट असतं, पण परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिची फी वेगळी आणि तारीखही वेगळी. असाइनमेंट नियमित देऊनही परीक्षेची नोंदणी राहिलेली मुलं दर सेमिस्टरला सापडतात. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण. प्रमाणपत्राला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात. परीक्षा केंद्र कोणत्या शहरात आहे तेही आधी पाहायला सांगा, म्हणजे गाडीभाड्याची सोय करता येईल.

मायनर (दुसऱ्या शाखेचे जादा विषय) किंवा ऑनर्स (आपल्याच शाखेचे जादा विषय) म्हणजे १८ ते २० क्रेडिट जास्तीचे. बॅक असलेल्या मुलाला त्यात ढकलू नका, प्रमाणपत्रावर कितीही छान दिसत असलं तरी.

## ७. इंटर्नशिप आणि पुढची वाट

मोठ्या भरती करणाऱ्या कंपन्यांची अट साधारण ६० टक्के आणि एकही चालू बॅक नाही, अशी असते. ही अट पहिल्या वर्षातच सांगा, चौथ्या वर्षी सांगून काय उपयोग? गेटची (एम.टेक.च्या प्रवेशाची) परीक्षा तिसऱ्या वर्षाला असतानाच देता येते आणि गुणांची मुदत तीन वर्षं असते. एमपीएससी करायचं म्हणणाऱ्याला नाउमेद करू नका, पण त्याच्या ब्रँचसाठी जागा कोणत्या खात्यात निघतात ते जुन्या जाहिरातींत त्यालाच शोधायला लावा.

इंटर्नशिप म्हटलं की 'दोन हजार भरा, ऑनलाइन सर्टिफिकेट घ्या' असे मेसेज मुलांच्या मोबाईलवर पडत असतात. मुलाखतीत अशा कागदाला कुणी विचारत नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या एमआयडीसीत खरे कारखाने आहेत. नांदेड-लातूरकडे साखर कारखाने, ऑईल मिल, महावितरणची उपकेंद्रं, जलसंपदा आणि बांधकाम खात्याची कामं आहेत. कॉलेजचं पत्र घेऊन मुलानं स्वतः गेटवर जावं. तीन ठिकाणी नकार मिळतो, चौथ्या ठिकाणी कुणीतरी आत घेतं. विभागाचे माजी विद्यार्थी कुठं आहेत याची यादी केली तर हे काम निम्मं होतं.

## ८. जे आपल्या आवाक्याबाहेर आहे

झोप उडालेली, जेवण सुटलेलं, 'सर, काही अर्थच राहिला नाही' असं वाक्य. हे ऐकलं की समजूत घालून घरी पाठवू नका. त्याला एकटं सोडू नका, रूममेटला आणि रेक्टरला कळवा, घरच्यांना बोलवा, १४४१६ तिथंच लावून द्या, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो तिथं सोबत जा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन आधीच देऊन बसू नका; 'तुझ्या जिवाचा प्रश्न आला तर मी सांगेन' हे स्पष्ट बोला. रॅगिंगची किंवा छेडछाडीची गोष्ट कानावर आली तर ती आपसांत मिटवायची नसते, संबंधित समितीकडे लेखी जायला हवी.

## ९. नोंदी आणि बॅच सोपवताना

नॅक, एनबीएची (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्था) टीम आली की मेंटॉरिंगची फाईल मागतात. भेटीची तारीख, विषय, काय ठरलं आणि मुलाची सही, एवढं त्यात पुरतं. घरातली भांडणं, आजार, कर्ज, प्रेमप्रकरण असलं काही त्या फाईलमध्ये लिहू नका; ती दहा हातांतून फिरते. ते तुमच्या वहीत, तेही मोजक्या शब्दांत. टीम यायच्या आदल्या रात्री एका बैठकीत वर्षभराच्या सह्या घ्यायची वेळ येऊ नये म्हणून दर भेटीलाच सही घ्या.

पालक मेळाव्याची तारीख काढणीत आणि बाजाराच्या दिवशी नको. ज्यांचे पालक येऊ शकत नाहीत त्यांना फोन करा आणि पहिलं वाक्य तक्रारीचं नको. "काका, तुमचा मुलगा वर्कशॉपमध्ये चांगला हात चालवतो" इथून सुरुवात झाली की पुढचं बोलणं सोपं जातं. कॉलेजातून आलेला फोन म्हणजे काहीतरी वाईट, ही भीती त्या घरांत असते.

वर्ष संपल्यावर बॅच दुसऱ्या शिक्षकाकडे जाणार असेल तर नुसती फाईल देऊ नका. अर्धा तास बसा आणि चार-पाच नावं तोंडी सांगा: कोणाचं रिन्यूअल अडकलंय, कोणाचा कोणता विषय शेवटच्या संधीला आलाय, कोणाच्या घरी फोन कुणी उचलतं. त्या मुलांनाही नव्या टीजींकडे स्वतः घेऊन जा आणि ओळख करून द्या. नव्या वर्षाचं पोर्टल उघडलं की त्या चार-पाच जणांच्या अर्जाचं काय झालं, ते नव्या टीजींना एकदा विचारा.